हिसाएची अकरा मिनिटं

हिसाए मुनाकाता आमच्याकडे कामाला लागली त्याच दिवशी मी तिला झापलं होतं. हातमोज्याच्या आत तिच्या डाव्या हाताचा अंगठा सारखा हलत होता. करंगळीवर टेकायचा, मग शेजारच्या बोटावर, मग त्याच्या शेजारच्या. समोर तेलात बटाट्याचे कोरोक्के तांबूस होऊन काळे पडायला लागले होते आणि बाईसाहेबांचा अंगठा आपला फिरतोय.

"काय गं, जप करतेस काय?" मी म्हटलं. "मग देवळात जा. इथे तळण जळतंय."

"चुकलं माझं, माफ करा," म्हणत ती कमरेतून वाकली आणि झारा घेऊन पुढे झाली. अंगठा थांबला. दहा मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा सुरू.

साकाताच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं सुपरमार्केट आहे आणि त्याच्या मागच्या अंगाला तयार पदार्थांचं स्वयंपाकघर. तळलेली कोंबडी, कोरोक्के, अळकुड्यांचं कालवण, दुपारच्या जेवणाचे डबे. तिथे मी सव्वीस वर्षं काढली. माझं नाव तोकिए. फटकळ म्हणून मी प्रसिद्ध आहे आणि त्यात काही खोटं नाही. नवी बाई तोकिए-सानच्या हाताखाली महिनाभर टिकली की मगच तिचा अंगरखा शिवायला टाकायचा, असं आमचा विभागप्रमुख ओकुयामा म्हणायचा. हिसाए बारा वर्षं टिकली.

अंगठ्याचं कोडं मला सुटलं ते तिसऱ्या वर्षी. आमची पाळी साडेतीनला संपायची. हिसाए सगळ्यांच्या आधी कपडे बदलून बाहेर पडायची, म्हणून मला वाटायचं, हिला घरची भारी ओढ आहे. एकदा मी सालींची पिशवी टाकायला मागे गेले तर तिची पांढरी छोटी गाडी तशीच उभी. आत ती स्टिअरिंगवर मान खाली घालून बसलेली. मला वाटलं, रडतेय. गाडीत बसून रडणाऱ्या बायका मी पाहिल्यात. मीही एकदोनदा रडले आहे. घरी रडायचं म्हटलं तर कुणीतरी विचारतं, आज जेवायला काय आहे. मी काचेवर टकटक केलं. ती एवढी दचकली की हातातली पेन्सिल खाली पडली.

"काय लिहितेस? मृत्युपत्र?"

"नाही हो." तिचे कान लाल झाले. "तांका लिहिते, पाच ओळींची कविता. वर्तमानपत्राला पाठवायला."

म्हणजे ती बोटांवर अक्षरं मोजत होती. पाच, सात, पाच, सात, सात. स्वयंपाकघरात पेन्सिल न्यायला बंदी, कारण डब्यात पडली तर गहजब. मग ती दिवसभर तळता तळता डोक्यात ओळी जुळवायची आणि अंगठ्याने मोजून ठेवायची. साडेतीनला गाडीत बसली की कागदावर उतरवायची.

"अगं, मग घरी जाऊन शांतपणे लिही की!"

"घरी?" ती हसली. "घरी पाऊल ठेवलं की मी उरतच नाही, तोकिए-सान."

तिचा दिवस असा होता. पहाटे पावणेपाचला उठायचं. सासऱ्याला उठवायचं, धुवायचं, भरवायचं. सासरा मासाकिची हा एकेकाळी होड्या बांधणारा सुतार. आता त्याला सकाळ-संध्याकाळ कळत नव्हती. नवरा यासुनोरी रस्त्याच्या कामावर. उन्हाळ्यात डांबर आणि हिवाळ्यात बर्फ काढायची गाडी, ती तर पहाटे दोनलाच निघते. एक मुलगा सेंदाईला, तो नवीन वर्षाला दोन दिवस यायचा आणि झोपून काढायचा. आठ वाजून दहा मिनिटांनी वृद्धसेवेची गाडी येऊन सासऱ्याला घेऊन जायची आणि दुपारी चारला दहा कमी असताना परत आणून सोडायची. दारात घरचं माणूस उभं नसेल तर गाडीवाले म्हाताऱ्याला उतरवत नाहीत, तसा नियमच आहे. सुपरमार्केटपासून घर नऊ मिनिटांवर. साडेतीनला सुटली की मधे उरायची अकरा मिनिटं. चोवीस तासांत बाईची स्वतःची म्हणावी अशी तेवढीच.

मला स्वतःला कसलंच वेड नाही. कामावरून आले की पाय कोताट्सूच्या, म्हणजे शेगडी लावलेल्या बैठ्या टेबलाच्या, उबेत सरकवायचे आणि टीव्ही लावायचा. त्यामुळे आधी मी तिची थट्टाच केली. पण एका सोमवारी तिने मला जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचं आतलं पान दाखवलं. बारीक अक्षरांत दहा कविता आणि सातव्या कवितेखाली 'साकाता, मुनाकाता हिसाए'. ते नाव मी तिच्या कपाटावर, पाळीच्या तक्त्यावर रोज वाचत होते. छापलेलं पाहिलं आणि का कोण जाणे, माझाच ऊर भरून आला.

तेव्हापासून तिच्या अकरा मिनिटांची राखण मी करायला लागले. साडेतीनला पाच कमी असताना ओकुयामा हमखास काहीतरी काढायचा. "मुनाकाता-सान, जाता जाता एवढ्या अळकुड्या..." की मी मधे पडायचे. "ती नाही जाता जाता काही करणार. तुझ्या हाताला काय झालंय? सोल की!" ओकुयामा माझ्या मुलाच्या वयाचा. तो बिचारा खरंच सोलायला बसायचा.

"तुझ्या नवऱ्याला आवडतात का गं कविता?" मी एकदा विचारलं.

"ते म्हणतात, पोस्टकार्डच पाठवायचं तर बिस्किटवाल्यांच्या सोडतीला पाठव, निदान खोकं तरी येईल." मग घाईघाईने म्हणाली, "स्वभावाने वाईट नाहीत हो ते. दमलेले असतात."

सगळ्यांचंच तसं असतं. वाईट कुणी नसतं, दमलेले सगळे असतात, आणि त्यात एखादीचं सगळं आयुष्य वाहून जातं.

एका वर्षी ऑक्टोबरात टपालाचा दर वाढला. घरात पडून असलेल्या जुन्या पोस्टकार्डांवर आता जादा तिकीट चिकटवावं लागायचं. हिसाएकडे जुन्या कार्डांचा गठ्ठा होता. नोव्हेंबरच्या शेवटी तिने एक कविता लिहिली. गाडीत बसून मला वाचून दाखवली, हे तिने आधी कधी केलं नव्हतं.

मी कोण ते
आता त्याला ठाऊक नाही
भाताची वाटी
दोन्ही हातांनी घेतो तो,
परक्याच्या घरी घ्यावी तशी

 माझी सासू शेवटी मला 'बाई, तुम्ही कुणाच्या' असं विचारायची, ते आठवलं.

"ही पाठव," मी म्हटलं. "आजच पाठव."

"पाठवतेय. तिकीट लावून आणलंय." जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा पत्ता घातलेलं कार्ड तिने स्वतः उतरून दुकानापुढच्या लाल पेटीत टाकलं. ती पेटी पावणेचारला उघडायची, हेही तिच्या अकरा मिनिटांत बसवलेलं होतं.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगायला तर हवं.

जानेवारी उजाडला. आमच्याकडे समुद्रावरून वारा सुटला की बर्फ वरून पडत नाही, आडवा येतो. गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडायलाच पाच मिनिटं जातात. अकराची सहा व्हायची. हिसाएचा चेहरा त्या दिवसांत ओढलेला असायचा. सासरा रात्री उठून करवत शोधायचा, होडी उद्या पाण्यात सोडायची आहे म्हणून. तिचा अंगठा हलायचा थांबला होता.

एका बुधवारी धुलाईचे अंगरखे आले. ते प्रत्येकीच्या कपाटात ठेवायचं काम माझं. हिसाएच्या कपाटाचं दार नीट लागत नव्हतं, एका बाजूने वर उचललं की उघडायचं. उघडलं तर वरच्या फळीवर एक पोस्टकार्ड. तिच्या सुबक अक्षरात तीच कविता, भाताच्या वाटीची. पत्ता टोकियोच्या मोठ्या वर्तमानपत्राचा. जुनं कार्ड आणि त्यावर जादा तिकीट नव्हतं.

मला वाटलं, बघा! एवढी चांगली कविता, टोकियोचा पत्ता घालून तयार, आणि एका तिकिटासाठी अडलीय. पोस्टाच्या खिडकीपर्यंत जायला हिला वेळ कुठे आहे? माझा जीव तुटला. कार्ड मी पिशवीत टाकलं, जेवणाच्या सुट्टीत बर्फातून पोस्टात गेले आणि तिकीट घेतलं. एक कशाला, दहा घेतली. म्हटलं, हिला पुढेही लागतील. खिडकीपाशीच एक चिकटवलं आणि कार्ड तिथल्या पेटीत सोडलं. परत येताना मी स्वतःवर इतकी खूश होते की ओकुयामाला एक गोड बटाटा घेऊन दिला. आणि ठरवलं, तिला सांगायचं नाही. छापून आलं की चकित करायचं.

एकच कविता दोन ठिकाणी पाठवायची नसते, हे मला ठाऊक नव्हतं. कुणी सांगणार? मी आयुष्यात कुठे काही पाठवलंय?

पुढच्याच सोमवारी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात ती कविता पहिली आली. दहातली पहिली! खाली निवडकर्त्यांनी चार ओळी लिहिल्या होत्या, 'परक्याच्या घरी' या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो, असं काहीसं. आम्ही जेवणघरात केक कापला. ओकुयामाने ते पान कातरून फलकावर लावलं, हात धुवायच्या सूचनेच्या शेजारी. आठवड्याने तिला पत्र आलं. वर्षभरात ज्यांच्या कविता पहिल्या आल्या त्यांना मार्चमध्ये यामागाता शहरात बोलावतात. निवडकर्ते कविता मोठ्याने वाचतात आणि कवीने उभं राहायचं असतं.

"जाणार ना?" मी विचारलं.

"सबंध दिवस जाईल," ती म्हणाली.

"मग जाऊ दे ना! दिवस असतात कशाला?"

तिने बारा वर्षांत स्वतःसाठी एकही रजा घेतली नव्हती. तिने ओकुयामापुढे रजेचा कागद दोन्ही हातांनी ठेवला. सासऱ्याला एक रात्र वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलं, त्यासाठी तिने तीन कागद भरले. नवऱ्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "एक दिवस? बरं. जेवणाचं मी बघतो." एवढ्यावर ती दोन दिवस हसत होती. दुकानातून तिने एक जांभळा रुमाल घेतला, गळ्यात बांधायला. तो तिने मला तीनदा दाखवला.

मी मात्र मनातल्या मनात हसत होते. हिला काय माहीत, टोकियोत अजून एक लाडू फुटायचा आहे. दर रविवारी सकाळी कामावर चढण्याआधी मी टोकियोचं वर्तमानपत्र विकत घ्यायला लागले. पहिल्या रविवारी काही नाही. दुसऱ्या रविवारी नाही. फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी पान उघडलं आणि तिसऱ्या जागी भाताची वाटी!

दहाच्या चहाला सगळ्या जमल्या होत्या. मी वर्तमानपत्र झेंड्यासारखं फडकवत आत शिरले.

"ऐका, ऐका! आपल्या मुनाकाता-सान टोकियोलाही पोचल्या! आता साऱ्या जपानात!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. हिसाएने पान हातात घेतलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग तिने चहाचा पेला अगदी हळू खाली ठेवला. 

"काय झालं?" कुणीतरी विचारलं.

"एक कविता एकाच ठिकाणी पाठवायची असते," ती म्हणाली. "दोन ठिकाणी पाठवणं म्हणजे... फसवणूक धरतात. माझ्याकडून चूक झाली."

 त्याच क्षणी बोलायला हवं होतं. एकच वाक्य, "ते मी टाकलं." फटकळ म्हणून मिरवते ना मी? सव्वीस वर्षं सगळ्यांना तोंडावर बोलत आले आणि नेमक्या त्या क्षणी मूग गिळून बसले. सगळ्यांनी नुकत्याच माझ्यासाठीही टाळ्या वाजवल्या होत्या.

हिसाएने ओकुयामाकडे दहा मिनिटं मागितली, फोन करायला. तो गडबडला. "अहो, रविवार आहे, दोनशे डबे जायचेत. जेवणाच्या सुट्टीत केलात तर?" ती "हो" म्हणाली आणि एक वाजेपर्यंत कोंबडी तळत राहिली. एक वाजता मी खिडकीतून पाहिलं. ती गाड्यांच्या रांगेत बर्फात उभी राहून फोनवर बोलत होती आणि समोर कुणी नसताना पुन्हा पुन्हा वाकत होती. आधी एका वर्तमानपत्राला, मग दुसऱ्याला. कुणी तक्रार करायच्या आधी तिने स्वतःच सांगून टाकलं.

पुढच्या आठवड्यात दोन्हीकडे दोन ओळींची सूचना आली. मुनाकाता हिसाए यांची अमुक कविता दोन ठिकाणी पाठवली गेल्याचं त्यांनीच कळवल्याने निवड रद्द करण्यात येत आहे. यामागाताचं आमंत्रणही अर्थातच गेलं. ओकुयामाने फलकावरचं कात्रण कधी काढलं कुणाला कळलं नाही. तिथे चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे राहिले. हिसाएने जेवणघरात मोचीचं, तांदळाच्या गोड गोळ्यांचं, खोकं आणून ठेवलं, वर चिठ्ठी: 'तुम्ही माझ्यासाठी केक आणला होता. तुम्हा सर्वांना लाज आणली, क्षमा असावी.' त्यातली एक मोची मी खाल्ली. खाल्ली आणि घशाखाली उतरलीही. त्याची मला आजवर शरम वाटते.

त्यानंतर साडेतीनला ती काचेवरचं बर्फ खरवडायची, गाडीत बसायची आणि लगेच निघायची. पाचसहा मिनिटं आधी पोचून दारात उभी राहत असणार.

"लिहीत नाहीस का गं?" मी एकदा धीर करून विचारलं.

"आता नाव दिसलं की लोकांना आधी ते आठवेल," ती म्हणाली. "निवडकर्त्यांना दर वेळी शोधत बसावं लागेल, ही कुठे दुसरीकडे तर छापली नाही ना. त्यांना कशाला तो त्रास?"

"वहीत तरी लिही."

ती कोबी चिरत राहिली.

मार्चचा तो दिवस आला, ज्या दिवशी तिने यामागातात उभं राहायचं होतं. तिची रजा तशीच होती. तिने ती मागे घेतली नव्हती. दुपारी दोनला मी सुट्टीवर आले आणि दुकानाच्या पुढच्या बाजूला, गिऱ्हाइकांना बसून खाण्यासाठी चार टेबलं आहेत तिकडे गेले. खिडकीजवळच्या टेबलावर हिसाए बसली होती. चांगला राखाडी कोट, गळ्यात जांभळा रुमाल. पुढ्यात कागदी पेल्यात गार झालेला चहा. बाहेर ओलं बर्फ पडत होतं.

"तू इथे?"

"सासऱ्यांना सकाळीच सोडून आले. त्यांची जागा धरलेली, ती आता सोडली तर आश्रमवाल्यांची पंचाईत झाली असती. आणि यासुनोरींना मी..." ती थांबली. "रद्द झाल्याचं त्यांना सांगितलेलंच नाही. ते पान ते वाचत नाहीत. सकाळी मला म्हणाले, 'ताठ उभी राहा.' मग घरी कशी बसू? बंदरावर गेले, थंडी फार होती. मग इथे आले."

"कधीपासून बसलीस?"

"साडेनऊ."

मी तिच्यासमोर बसले. माझे हात तळणाच्या वासाचे. महिनाभर छातीवर बसलेला धोंडा आता सहन होईना.

"हिसाए, ते कार्ड मी टाकलं. अंगरखे ठेवताना दिसलं. तिकीट नव्हतं, मला वाटलं तुला वेळ झाला नाही. मीच तिकीट लावून टाकलं. मला नियम ठाऊक नव्हता गं. मी आजच दोन्ही ठिकाणी लिहिते. माझं नाव घालून लिहिते."

ती पेल्याकडे पाहत होती.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या कपाटाचं दार कसं उघडतं ते फक्त तुम्हाला माहीत आहे. जिल्ह्याच्या पेपरात आली ना, त्या दिवशी मी ते दुसरं कार्ड फाडायला गेले. थंडीत मिनिटं पुरत नाहीत, म्हणून आधीच लिहून ठेवलं होतं. इथल्या पेपराने तीन महिन्यांत घेतली नाही, तर टोकियोला पाठवायची, असं. गेले तर कार्ड नाही. तेव्हाच मनात आलं."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"विचारणार होते. तुम्ही तळणीवर होतात. मग साडेतीन झाले." तिने कागदी पेला बाजूला सरकवला. "त्या दिवसांत सासरे पडले, मग त्यांना ताप. टोकियोला एक पोस्टकार्ड टाकलं असतं, 'कविता मागे घेते', तर सगळं निभावलं असतं. तीन आठवडे होते. रोज म्हणायचे, उद्या लिहीन. दहा मिनिटांचं काम. चार ओळी. तेवढी दहा मिनिटं मला काढता आली नाहीत, तोकिए-सान. त्यात तुमची चूक कुठे?"

"माझीच आहे! शिव्या दे मला. सगळ्यांसमोर दे. एवढा महिना तू माझ्याशी नीट बोलत राहिलीस ती कशासाठी?"

"भांडायला वेळ लागतो," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला झोंबलं. "एकदा भांडलं की मग अबोला, मग समेट. रोज शेजारी उभं राहून तळायचं असतं. कुठून आणू मी तेवढा वेळ?"

"मी लिहिते त्यांना," मी पुन्हा म्हटलं.

"नका लिहू. तुम्ही दुसऱ्याचं कपाट उघडलंत हे छापून येईल, एवढंच होईल. कविता दोन ठिकाणी आली ते काही पुसलं जाणार नाही. ही मला फार आवडती होती हो. पुन्हा तशी होणार नाही. सासऱ्यांनी आता वाटी धरायचं सोडलंय. भरवावं लागतं."

मला रडू आलं. गिऱ्हाइकं बघत होती, तरी आलं. तिने आपल्या पिशवीतून टीचभर रुमाल काढून मला दिला. उलट तीच मला समजावत बसली.

मग घड्याळाकडे पाहून ती म्हणाली, "अजून दीड तास आहे तिथला समारंभ संपायला. त्यानंतर गाडीला अडीच तास. साडेसहाच्या आत मला घरी जाता येत नाही." बाहेरच्या बर्फाकडे बघत तिने विचारलं, "वेळ असला की लोक काय करतात हो?"

 मला तरी कुठे ठाऊक होतं? माझी सुट्टी संपत आली होती. मी उठले. पाकिटातून तिकिटं काढून तिच्यासमोर धरली. तिने ती पाहिली आणि माझ्या हाताची मूठ आपल्या दोन्ही हातांनी हळूच मिटली.

"ठेवा तुमच्याकडे," ती म्हणाली.

साडेतीनला मी पाळी संपवून पुढे आले तर ती त्या टेबलावर नव्हती. आत स्वयंपाकघरात होती. कोटावरून अंगरखा घातलेला, जांभळा रुमाल काढून ठेवलेला, आणि ओकुयामाच्या शेजारी स्टुलावर बसून अळकुड्या सोलत होती.

"मी नको म्हणत होतो," ओकुयामा ओशाळून म्हणाला. "त्या म्हणाल्या, रिकामं बसवत नाही."

पुढच्या महिन्यापासून तिने आपली पाळी साडेतीनऐवजी तीन चाळीसपर्यंत करून घेतली. ओकुयामाला बरंच झालं, संध्याकाळच्या कालवणाच्या अळकुड्या तेवढ्यात सोलून होतात. हातमोज्यातला अंगठा स्थिर असतो. मी मागच्या वर्षी काम सोडलं. अजूनही सोमवारी जिल्ह्याचं वर्तमानपत्र घेते आणि आतलं पान उघडून दहाही नावं वाचते. त्या दिवशी मी पोस्टातून दहा तिकिटं घेतली होती. उरलेली नऊ माझ्या पाकिटात तशीच आहेत.